चुकीच्या दारातली लाल खूण

मी मोबाईलच्या नकाशावरची लाल खूण बोलतेय. खरं तर हे मी सांगायला नको. जिने मला रोवलं, तिने ओठांवर बोट ठेवून बजावलं होतं, "कुणाला कळता कामा नये हं." पण आता इतकी दमलेय, की गप्प बसायचंही त्राण उरलेलं नाही.

माझा जन्म पलंगावर झाला. बॅगवाल्या बाबांची लेक पालथी पडून दुकानाची माहिती भरत होती. बाबा बॅगांच्या चेनी, हँडलं, चाकं बदलून देतात. दुकान बोळाच्या पार आत, रस्त्यावरून दिसतच नाही. गिऱ्हाईक रोडावलं होतं आणि गोदामावर राखणदाराची नोकरी चालून आली होती. "या महिन्यात काय ते ठरवतो," बाबा म्हणाले होते. लेकीला दुकान बंद व्हायला नको होतं.

तिने नाव लिहिलं, वेळ लिहिली. जागा विचारल्यावर घाईघाईत 'मी आत्ता आहे तिथे' हे बटण दाबलं. ती घरात होती! मी टपकले ती थेट त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारात.

मग दुकानाच्या जाहिरातीसाठी तिचे व्हिडिओ सुरू झाले. कॅमेरा दिसला की बाबा काठीसारखे ताठ.

"बाबा, जरा हसा ना!"

"अगं, दातांत सुई धरलीय. हसू कसा?"

मावशी, मामा, आत्या, सगळ्यांनी भराभर अंगठे दिले. बॅग मात्र कुणाचीच फाटलेली नव्हती.

हळूहळू अनोळखी माणसंही शोधू लागली. 'जवळपास बॅग दुरुस्ती' असं कुणी विचारलं, की मी पुढे व्हायचे. माणसं माझ्या भरवशावर तीन जिने चढायची आणि कुलूप बघून परत फिरायची. आई कामावर, लेक शाळेत. दिवसभर लोकांना हाका मारायच्या आणि बंद दाराशी नेऊन सोडायचं, हेच माझं काम.

एकदा शाळा लवकर सुटली, तेव्हा दारातच एक माणूस तिला भेटला. "दुकान कुठाय?" तिच्या सगळं लक्षात आलं. पण मला हलवायचं तर बाबांच्या फोनवर ओटीपीचे आकडे येणार होते, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं. तिने मलाच गप्प केलं.

पुढच्या आठवड्यात बाबांनी नकाशावर दुकानाच्या नावाखाली एका गिऱ्हाइकाचा शेरा वाचला. एकच तारा आणि खाली, 'बेकार. वेळ वाया.' त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला.

"माझा हात बिघडला वाटतं," एवढंच बोलले. "गोदामवाल्यांना होकार कळवून टाकतो."

लेक त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली, तर वरच्या पायरीवर एक आजी धापा टाकत बसलेल्या. शेजारी चाक निखळलेली मोठी बॅग.

"दुकान म्हणून आले, तर इथे चपलांची मांडणी! माझे गुडघे काय तुझ्या वयाचे आहेत का गं?"

"चूक माझीय, आजी," ती पुटपुटली. पाणी दिलं, बॅग उचलली आणि आजींना घेऊन दुकानात गेली.

"बाबा, तुमचा हात नाही बिघडला. माझंच बोट चुकलं."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग आजींच्या बॅगेचं चाक बसवायला घेतलं.

"बोट चुकलं तर चुकलं. पण तोंड कशाला शिवून घेतलंस, बये?" आणि त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

आता मी बोळात, खऱ्या दारावर आहे. तो एक तारा अजून माझ्या अंगावर आहे. तो काही पुसता येत नाही. बाबा म्हणालेत, "गोदामवाल्यांना कळवायला शनिवारपर्यंत थांबतो." आज शनिवार. सकाळपासून कुणी फिरकलं नाही. ते एकटेच सुया नीट लावताहेत. तुम्हाला एकच विनवणी, तारा देण्याआधी एकदा फोन करून तरी बघा. आम्ही खुणा चुकतो, पण त्यात त्या माणसाचा काय…

थांबा, कुणीतरी विचारतंय. 'जवळपास चेन बसवणारं कोण?' आले हो, आले! इकडे, बोळातून सरळ आत, डाव्या हाताला…