तिसरी तुळई

फट ०.४ मिलिमीटर रुंद होती. माणसाचे पाच केस शेजारीशेजारी ठेवले तर जेमतेम मावतील एवढी. मैदानाच्या उत्तरेकडच्या पायऱ्यांखाली, तिसऱ्या तुळईच्या पोटाला, डाव्या खांबापासून हातभर अंतरावर ती सुरू व्हायची आणि तिरकी वर चढायची. सरळ उभी असती तर भाचीने ती वहीत टिपून सोडून दिली असती. काँक्रीटला बारीक उभ्या भेगा पडतच असतात. तिरकी फट मात्र सांगत असते की ओझं खांबापर्यंत पोचवताना तुळईला आता जड जातंय.

पुलांची तपासणी करणं हा भाचीचा पेशा. ही तुळई काही तिच्या कामात मोडत नव्हती. पण फुटबॉल क्लबचे अध्यक्ष तिचे सख्खे मामा होते, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता ती शिडी लावून वर चढायची. वेळ चुकवायची नाही, कारण उन्हाने काँक्रीट फुगतं आणि आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. पारदर्शक पट्टीवरच्या रेघा फटीशी जुळवायच्या, भिंगातून बघायचं, आकडा टिपायचा. फटीवर आडवी चिकटवलेली, फट रुंदावली की तडकणारी काचेची पातळ चीप शाबूत आहे का, तेही बघायचं. चौदा महिन्यांत ती काच दोनदा तडकली होती, आणि आकडा ०.१५ वरून ०.४ वर गेला होता.

हे आकडे दोनच माणसांना माहीत होते.

सख्खे मामा म्हणायची तशी सोय राहिली नव्हती. लहानपणी ती या पायऱ्यांवरून ‘मामा, मामा’ अशा हाका मारायची. शेजारच्यांनी ते उचललं, त्यांच्या शेजारच्यांनीही, आणि बघता बघता मामांना तीन हजार भाचरं झाली. “माझ्या वाट्याला तीन हजारावा हिस्सा येतो,” असं ती आईला म्हणायची.

मामांची लाँड्री होती. क्लबच्या जर्सी त्यांच्याकडे धुवायला यायच्या, एवढाच काय तो फुटबॉलशी त्यांचा संबंध. पुढे क्लबचे वाईट दिवस आले, अध्यक्ष व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा मामा “बघतो” म्हणाले आणि सोळा वर्षं बघतच राहिले. लोक कपडे आणि तक्रारी एकदमच आणायचे. तोंडावर बोलायचा संकोच वाटणारे शर्टाच्या खिशात चिठ्ठी ठेवायचे. ‘गोलकीपरला विश्रांती द्या.’ ‘आपली डावी बाजू लंगडी आहे.’ कपडे इस्त्री होऊन परत जाताना त्यांवर मामांचं उत्तर टाचलेलं असायचं. ‘तुमचं बरोबर, पुढच्या महिन्यात बदलतो.’ किंवा ‘जमणार नाही, कारण तो पोरगा घाबरला आहे, रागावून उपयोग नाही.’ जे लिहायचे ते करायचे. म्हणून संघ सपाटून हरला तरी “मामांनी सांगितलंय ना, मग झालं,” असं म्हणत लोक घरी जायचे.

सामन्याच्या दिवशी मामा पाहुण्यांच्या खुर्च्यांवर कधी बसले नाहीत. ते उत्तरेकडच्या पायऱ्यांवर, सातव्या ओळीत, सगळ्यांबरोबर उभे असायचे. चाळीस वर्षांपूर्वी पाठीराख्यांनी सुट्टीच्या दिवशी खपून स्वतः बांधलेल्या त्या पायऱ्या. बांधल्या तेव्हा माणसं उभी राहून टाळ्या वाजवत. उड्या मारायची पद्धत नंतरची.

भाचीने पहिल्यांदा फट दाखवली तेव्हा मामा म्हणाले होते, “०.३ झाली की बंद करू.” ०.३ झाली तेव्हा मोसम ऐन रंगात होता. “०.५ धरू या का?” मामांनी विचारलं, आणि तिने होकारार्थी मान हलवली. पुलाच्या बाबतीत कोणी असं सुचवलं असतं तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

आता मोसमाचा शेवटचा सामना शनिवारवर आला होता. जिंकले तर संघ नऊ वर्षांनी वरच्या गटात जाणार होता. सोमवारी सकाळी सात वाजता ती शिडी चढली, आणि फट नव्हती.

तुळई गुळगुळीत होती. तिच्यावर क्लबचा निळा-पांढरा पट्टा रंगवलेला होता. काचेची चीपही गायब.

“काय ताई, शोधताय? सापडायची नाही!” खालून आवाज आला. पायऱ्यांचे कठडे रंगवायला आलेला गवंडी तोंडभर हसत उभा होता. सगळे त्याला थापी म्हणत.

“हे तुम्ही केलंत?”

“एकट्याने कुठे? वीस जण होतो. तीन आठवडे झाले. हात फिरवून बघा, आरशासारखं घोटलंय.”

“आणि काच?”

“ती तर तडकलेली होती, काढून टाकली. कोणी चिकटवली होती कोण जाणे.”

“मी.”

थापीचा ब्रश हवेतच थांबला. “अरेच्चा! मग सांगायचं नाही का, नवी आणून दिली असती.”

ती शिडीवरच बसली. रागवायला हवं होतं, पण थापीचा चेहरा बघून राग येईना. “भरलीत कशाला पण?”

“मामांसाठी,” थापी म्हणाला, जणू दुसरं काही कारण असूच शकत नव्हतं. “सामन्याआधी ते हळूच इथे येतात, वर बघतात आणि एवढंसं तोंड करून जातात. दोनदा पाहिलं मी. म्हटलं, या माणसाने आपल्यासाठी जीव पाखडला आणि त्याच्या जिवाला एका भेगेपायी घोर? वीस जण जमवले, भरून टाकली. त्यांना सांगितलंही नाही. आता बघतील तेव्हा कळेल.”

भाचीने भिंग काढलं. निळ्या रंगात एक रेघ होती, केसाएवढी. गिलावा वाळतानाही तडे जातात, पण ते जाळीसारखे पसरतात. ही रेघ एकटीच होती आणि जुन्याच वाटेने तिरकी वर गेली होती. तिने पट्टी लावली. ०.१. आधी एवढं वाढायला साडेपाच महिने लागले होते. आता तीन आठवडे, आणि मध्ये दोनच सामने.

“कसं झालंय?” थापीने विचारलं.

“घोटलंय छान,” ती म्हणाली. ते खरंच होतं.

लाँड्रीत वाफ भरली होती. मामा नऊ नंबरची जर्सी इस्त्री करत होते.

“किती?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“थापीने भरून टाकली.”

मामा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली, आणि भाचीला ती बघवली नाही.

“मग बरंच झालं की.”

“मामा, तू तरी असं बोलू नकोस. ताप उतरेना म्हणून थर्मामीटर फोडला, तसं झालंय ते. नव्या गिलाव्यातून पुन्हा आलीय. तीन आठवड्यांत.”

मामांनी इस्त्री उभी करून ठेवली. “शनिवार तेवढा जाऊ दे. एक सामना. मग तू म्हणशील तितके दिवस बंद ठेवू.”

“शनिवारीच तर उड्या मारतील. तीन हजार माणसं, एका तालात. झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलत राहिलं की तो कसा चढत जातो? पायऱ्यांचं तसंच आहे. नुसते उभे राहिले तर कदाचित निभावेल.”

“पडेल म्हणतेस?”

“पडेल म्हणत नाही. पडणार नाही असं म्हणू शकत नाही.”

“मग दे ना तुझा अहवाल पालिकेला. येऊ दे त्यांची नोटीस. नियम म्हटलं की कोणाचं काही चालत नाही.”

“मागे पालिकेने ‘उड्या मारू नयेत’ अशी पाटी लावली होती. लोकांनी तिच्यावर कोट अडकवले, आठवतं? एकाने तर घरी नेऊन टेबल केलं तिचं. त्यांना कुलूप लावलं तर कुलूप तोडतील, मामा. ऐकतील ते तुझंच.”

“तीच तर पंचाईत आहे.” मामा स्टुलावर बसले. “चौदा महिने मी तिथे उभा राहिलो. मी उभा, म्हणून ते उभे. आता कुठल्या तोंडाने सांगू? चिडले तर चिडू देत गं, मी शिव्या खाईन. पण उद्यापासून कपडे आले आणि खिशात चिठ्ठीच नसली तर?”

वाफेच्या नळीतून थेंब गळत होते.

“मी ०.३ लाच थांबायला हवं होतं,” ती म्हणाली. “अहवाल शुक्रवारी सकाळी देणार आहे. त्यात तेही लिहिलंय. गुरुवारी तुझी पाठीराख्यांबरोबर सभा आहे. त्यांना तुझ्याकडून कळावं असं मला वाटतं, बाकी तू बघ.”

मामांनी जर्सीची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

गुरुवारी संध्याकाळी पाचला पायऱ्यांवर दोनशेच्या आसपास माणसं जमली. दोनशे बसलेली माणसं तुळई सहज पेलेल, हे भाचीने आदल्या दिवशी हिशेब मांडून पाहिलं होतं. ती सातव्या ओळीच्या टोकाला, कठड्याशी उभी राहिली. मामा ओळीच्या मधोमध होते.

ढोल कोण आणणार, झेंडे कोण शिवणार, पाहुण्या संघाच्या लोकांना कुठल्या फाटकातून घ्यायचं, सगळं ठरलं. मामा खाकरले. “या पायऱ्यांबद्दल जरा बोलायचं होतं.”

“मनातही आणू नका मामा!” थापी उठून उभा राहिला. “ठणठणीत आहेत. खालची भेग आम्ही भरून टाकलीय. म्हटलं, मामांना घोर नको.”

टाळ्या पडल्या. “थापीने भरली म्हणजे भरली,” मागून कोणीतरी ओरडलं, “आता नुसत्या थापा नको मारू, चहा पाज!”

“मी तर नातीला दरवेळी मामांच्या शेजारीच उभी करते,” पोस्टातल्या बाई म्हणाल्या. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, आवाज मात्र अजून खिडकीपलीकडच्या रांगेला पुरेल असा होता. “म्हटलं, मामा आहेत तिथे कसली काळजी? शनिवारीही आणणारच आहे तिला.”

मामांनी बाईंकडे बघितलं.

थापीचं लक्ष भाचीकडे गेलं. “ताईंना अजून पटलेलं दिसत नाही! चला रे, उठा, दाखवू या त्यांना!”

“थापी, नको,” ती म्हणाली, पण तेवढ्यात बाईंनी सूर धरला होता आणि दोनशे माणसं उभी राहून उड्या मारायला लागली होती. भाचीने कठड्यावर तळहात टेकवला. सेकंदाला दोन. सहाव्या उडीला कठडा हाताखाली थरथरला, दहाव्या उडीला चांगला हलायला लागला. तिने मामांकडे पाहिलं.

मामा उड्या मारत नव्हते. सोळा वर्षं ते सगळ्यांबरोबर उडत आले होते, आणि उडणाऱ्याला पायरीचं हलणं कळत नाही. आज पहिल्यांदाच ते त्या गर्दीत नुसते उभे होते. ते आपल्या बुटांकडे बघत होते. त्यांच्या बुटांखालची पायरी खाली जात होती आणि वर येत होती.

त्यांनी हात वर केला. फार उंच नाही; दुकानात घाईच्या गिऱ्हाइकाला थांबवताना करायचे तेवढाच.

आवाज थांबला. हळूहळू विरला नाही, थांबला. बाईंचा शब्द अर्ध्यावर राहिला. दोनशे माणसं जिथल्या तिथे उभी राहिली आणि मामांकडे बघू लागली. कोणी का म्हणून विचारलं नाही. पायरी मात्र आणखी तीनदा हलली. आता सगळेच स्थिर होते, त्यामुळे ते सगळ्यांनाच कळलं. थापीने खाली बघितलं. मग भाचीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू पुसलं गेलं.

मामा अजून आपल्या हाताकडे बघत होते. एका हाताने हे होतं, आणि चौदा महिने आपण तो वर केला नाही, हे त्यांच्या डोळ्यांत तिला स्पष्ट दिसलं.

“भरून उपयोग नाही थापी,” ते म्हणाले. “तुझं काम चांगलंच आहे. तुळईच गेलीय. आणि मला ते चौदा महिन्यांपासून माहीत आहे. मी तुमच्यापासून लपवलं.”

“आम्ही दोघांनी,” भाची म्हणाली.

कोणी हललं नाही. खाली मैदानावर पाण्याचा फवारा एकटाच गोल फिरत होता.

“म्हणजे काय, मामा?” बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. “स्पष्ट सांगा. आम्ही ऐकतोय.”

“म्हणजे आता सगळ्यांनी एकेक करून, सावकाश खाली गवतावर उतरायचं,” मामा म्हणाले. “शनिवारी इथे कोणी उभं राहायचं नाही. मीसुद्धा नाही. पायऱ्या आजपासून बंद.”