सडकेला दारं

मोर्शीच्या वरच्या अंगाला जंगलखात्याची चार मैल सडक होती आणि मी, खुशालराव, तिचा मुकादम. त्या पावसाळ्यात तिचा चढ दोनदा वाहून गेला. दोनदा मुरूम टाकला, दोनदा बिलं गेली. रेंजर महादेवराव मला म्हणाले, "मुरमाची मंजुरी संपली, मजुरीचीच थोडी उरली. आता सडक गेली की तुम्हीही घरी जा."

मग मी जीव ओतून काम केलं. सडकेच्या दोन्ही कडांना हातभर उंच मातीचे बांध घातले, चोपून गुळगुळीत केले. येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबून पाहावे असे देखणे! निदान मी तरी थांबून पाहत असे.

दुसऱ्याच सकाळी माळ्याची मनकर्णाबाई फावडं घेऊन ते बांध फोडताना दिसली. चढाखालीच तिची वांग्याची वाडी. माझं डोकंच फिरलं.

"मनकर्णाबाई! सरकारी काम कावून फोडून राहिल्या?"

"हे काम व्हय? दोन्ही आंगानं वरंबे, मंधात उतार. मुकादम, तुमी सडक नाई बांदली, ओलिताचा पाट बांदला! पाणी सडकेवरूनच धावन, अन् मुरूम पुन्हा माह्या वांग्यात येईन."

माळी वाफ्याला पाणी देताना पाटाची कड फोडून दार पाडतात, तसं तिनं चढावर दर वीस पावलांना बांधाला दार पाडलं आणि तिथवर सडकेवरून तिरपी चारी ओढली. मी ओरडत होतो, ती खणत होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

पुढे तीन दिवस पाऊस नुसता कोसळला. चौथ्या दिवशी रेंजरसाहेबांबरोबर पाहणीला निघालो, तो वळकटी बांधून ठेवूनच. चढ जागेवर होता! प्रत्येक दारातून पाणी खळखळत रानात उतरत होतं. मला नाचावंसं वाटलं.

"शाबास! ही युक्ती कोणाची?"

'माझी' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण खोटं बोलवेना.

"मनकर्णाबाईची," मी म्हणालो. "मी तर ओरडत होतो."

"मग सरकारनं तुम्हाला कशाला ठेवायचं?"

माझं तोंड उतरलं. तेवढ्यात मनकर्णाबाई वाडीतून वर आली. "राहू द्या त्याइले, साहेब. बाकीची सडक आमी दहा माळणी नीट करून देतो. मजुरी मातर गड्याची लागन, बाईची नाई. अन् हजेरी मांडाले, वरून बोंबलाले एक मानूस पायजेच ना!"

"मांडा हजेरी!" म्हणत महादेवराव पोट धरधरून हसले आणि त्यांच्याहून मोठ्यानं मी. त्याच दुपारी हजेरीत पहिलं नाव मनकर्णाबाईचं लिहिलं आणि पुढे दर मांडला, गड्याचा.