चौथ्या खाटेवरची गळकी गादी

मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही. नाहीच बसणार, पैज लावते. मी एक जुनी गादी आहे, आणि माझ्या पोटात कापूस नाही, ढग आहे.

हसू नका. मला भरणाऱ्या कारागिराला त्या वर्षी कापूस कमी पडला. मग तो शिडी घेऊन डोंगरावर गेला, एक काळा ढग काठीनं झोडपून मऊ केला, माझ्या खोळीत कोंबला आणि वर टाके घातले. तेव्हा मी इतकी हलकी होते, की खिडकी उघडी राहिली तर थेट छताला जाऊन टेकायची. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवाव्या लागत.

पुढं मी या शिबिरात आले. ज्यांच्या घरातलं कुणी त्या वर्षी गेलं, अशी मुलं दर उन्हाळ्यात दहा दिवस इथं राहतात. कुणाची आई, कुणाचा भाऊ. तुम्हाला मी काय सांगणार! दिवसा तुम्ही पोहता, मातीची भांडी करता. शिबिरातल्या ताई विचारतात तेव्हा गेलेल्या माणसाबद्दल दोन वाक्यं बोलता. उरलेली वाक्यं दिवे मालवल्यावर माझ्या कानाशी येतात. वीस उन्हाळे ती ऐकली. ढग झाला तरी किती पेलणार? मी मधोमध खचले ती त्यामुळंच.

एके काळी मुलं माझ्यासाठी भांडत. आता खोळ विटलीय, एका टोकाला सुतळी लोंबतेय, आणि चौथी खाट सगळ्यांत शेवटी येणाऱ्याला मिळते. यंदा ती एका मुलीला मिळाली. वडिलांची टोपी डोळ्यांवर ओढून बसते, म्हणून तुम्ही तिला टोपीच म्हणता. आल्यापासून तिनं तोंडातून अक्षर काढलेलं नाही.

शिबिराची झाडलोट बघणारी मावशी रोज सकाळी सोळाच्या सोळा गाद्या उन्हात घालते. का, ते तिला विचारू नका. काल मात्र तिच्या कमरेत उसण भरली, गाद्या आतच राहिल्या, आणि चष्म्या, तू नेमकी माझ्यावर उडी मारलीस.

"ई! ही ओली आहे! कुणी केली रे?"

मावशी कंबर धरून आली. "कुणी कशाला करेल? गादीच गळते ती. म्हातारी झालीय."

"गादी गळते होय? मग खाली बादली ठेव ना."

"ठेवते. पण आधी तुझ्या नाकाखाली ठेवते. ते केव्हाचं गळतंय."

सगळे हसले. टोपी हसली नाही. तेवढ्यात सर दारातून म्हणाले, "गळकी गादी हवीय कशाला? उद्या कचऱ्याची गाडी येईल, देऊन टाका."

म्हणून मी आज फाटकाशी पडलेय आणि तुम्ही निरोप द्यायला जमलात. तो बघा, कोपऱ्यावर गाडीचा भोंगा वाजला. भीती वाटतेय, नाही कशाला म्हणू? पण मावशी म्हणाली तेच खरं. पोटात ढग म्हटल्यावर गळायचंच. ते पाणी माझं. पुरावा हवा? परवा माझ्या खोळीतून एक बेडूक निघाला आणि त्याच्यामागं इंद्रधनुष्य.

जाता जाता एकच मागते, मित्रांनो. पुन्हा कुठं ओली गादी दिसली, तर कुणाची म्हणून विचारू नका. मुकाट्यानं एक टोक धरा, दुसरं धरायला कुणाला तरी हाक मारा आणि उन्हात न्या. माझं म्हणाल, तर मी वर जाऊन पुन्हा ढग होईन आणि...

"खोटं!"

ती उभी राहिली होती. टोपी हातात होती.

"खोटं बोलतेय ती. ढग नाही आणि बेडूकही नाही. मी केली ओली. बाबा गेले तेव्हापासून रोज होतं."

गाडी फाटकाशी येऊन थांबली. कुणी हसलं नाही. तिनं वाकून माझं सुतळी लोंबणारं टोक उचललं.

"चष्म्या, धर ना दुसरं."