दोन जावांचा एक पासवर्ड

थोरलीने आपले सहा आकडे दाबले, खुर्ची सोडली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग धाकटी खुर्चीत बसली. तिने आपला अर्धा भाग टाकला आणि म्हणाली, "फिरा आता."

दोघींनी पडद्याकडे पाहिलं. लाल अक्षरांत पुन्हा तेच आलं होतं: पासवर्ड चुकीचा आहे. त्याखाली बारीक अक्षरांत, आणखी तीन प्रयत्न उरले आहेत.

"तुझंच काहीतरी चुकतंय," थोरली म्हणाली.

"माझं कशाला चुकेल? मी रोज मनात म्हणते माझा अर्धा."

"मग मी काय विसरभोळी आहे? या गल्लीतल्या प्रत्येकीच्या बाहीच्या मुंढ्याचं माप मला तोंडपाठ आहे."

"मुंढा कोण विचारतंय, जाऊबाई?"

धाकटी खुशीत असली की थोरलीला 'ताई' म्हणायची. 'जाऊबाई' निघालं की समजायचं, पारा चढला. थोरलीने ते ऐकलं आणि ओठ आवळले. अर्ध्या अर्ध्या पासवर्डात हीच तर गोम असते. यंत्र नुसतं चूक म्हणतं, चूक कुणाची ते सांगत नाही. त्यामुळे दोघींनाही आपलं बरोबर आहे असं छाती ठोकून सांगता येतं.

पासवर्ड अर्धा अर्धा का, तर त्याला कारण होतं. दोघींचं शिवणकामाचं दुकान एकाच खोलीचं. आत दोन मशिनं, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात संगणक आणि दाराशी इस्त्रीवाले काका, ज्यांना अर्ध्या भाड्यात बाहेरची जागा दिलेली. दुकानाचं पान इंटरनेटवर काढलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात थोरलीने धाकटीने कापलेल्या कोटाचा फोटो लावून खाली आपलीच स्तुती लिहिली. त्याचा वचपा म्हणून धाकटीने 'कोणताही कोट दोन दिवसांत' असं लिहून टाकलं, आणि थोरलीला मान मोडून तीन कोट दोन दिवसांत शिवावे लागले. दोघींनी आठवडाभर अबोला धरला. शेवटी काकाच इस्त्री उभी करून म्हणाले होते, "अहो, बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात की नाही? तसं करा. अर्धा हिचा, अर्धा तिचा. एकटीला उघडताच येणार नाही." दोघींना ते पटलं. तेव्हापासून भांडण नव्हतं, कारण संगणकाने एकदा तो पासवर्ड लक्षात ठेवला आणि पुन्हा कधी विचारलाच नाही.

आज विचारला. पंखा घरघरतो म्हणून संगणक सकाळी दुरुस्तीवाल्याकडे दिला होता. त्याने पंखा गप्प केला आणि वर प्रेमाने सगळं पुसूनही दिलं. "अगदी नव्यासारखा केलाय बघा," म्हणाला. पासवर्ड विसरल्याचं बटण दाबलं, तर संदेश जायचा तो थोरलीच्या नवऱ्याच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर बंद होऊन वर्ष लोटलं होतं.

आणि नेमकं आजच उघडायला हवं होतं. काल संध्याकाळी दुकान बंद करताना पानावर निरोप आला होता. बायकांचा एक गाण्याचा गट, चाळीस जणी. सगळ्यांना एकाच रंगाचे, पायघोळ ड्रेस हवे होते. 'उद्या दुपारी बारापर्यंत होकार कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे विचारू,' असं लिहिलं होतं. फोन नंबर दिलेला नव्हता. दोघी म्हणाल्या, सकाळी कापडाचा अंदाज घेऊ आणि मग कळवू.

काम मोठं होतं, पण थोरलीला घोर लागला होता तो त्यासाठी नाही. धाकटीला तयार कपड्यांच्या कारखान्यात जागा चालून आली होती. मागच्या आठवड्यात ती म्हणाली होती, "हाताला काम मिळालं तर मी इथेच आहे, ताई. पण माशा मारत बसायचं, तर मी तिकडे जाते." आणि थोरलीच्या तोंडून निघून गेलं होतं, "जा की. तुला काय कुणी बांधून ठेवलंय?" बोलून झाल्यावर तिला ते परत गिळता आलं नव्हतं. धाकटीशिवाय ते दुसरं मशीन, ती बडबड, ते टोमणे, यातलं काहीच उरणार नव्हतं. पण हे तोंडाने सांगेल ती थोरली कसली?

"तुम्ही आठवा नीट," धाकटी म्हणाली. "काय ठेवलं होतं? कुणाची जन्मतारीख? घराचा नंबर?"

"आठवायचं काय त्यात? मला माहीत आहे."

माहीत होतं हे खरं. पण अर्धंच खरं. थोरलीच्या डोक्यात नावं टिकत नसत, आकडे मात्र दगडावर कोरल्यासारखे बसत. शिक्षिकाबाई म्हणजे अडतीस, चौतीस, चाळीस. औषधांच्या दुकानातली मुलगी म्हणजे बत्तीस, सव्वीस, चौतीस. म्हणून पासवर्ड ठेवायची वेळ आली, तेव्हा तिने सगळ्यात सोपी गोष्ट केली. आपलंच माप घातलं. छाती, कंबर, सीट. सहा आकडे, जन्मात विसरायचे नाहीत.

छाती आणि सीट तिने खरी घातली होती. कंबरेपाशी मात्र बोट अडखळलं होतं. समोर कुणी नव्हतं, फक्त यंत्र होतं. तरीही तिने यंत्राला खोटं सांगितलं. आता प्रश्न इतकाच होता की खोटं किती सांगितलं.

"तू फिर तिकडे," ती म्हणाली. "मी पुन्हा टाकते."

आधी दोनदा तिने तीस घातलं होतं. आता बत्तीस घातलं. धाकटीने आपला भाग टाकला. लाल अक्षरं आली. दोन प्रयत्न उरले.

"काय हो चाललंय आत?" बाहेरून काकांचा आवाज आला. "सव्वाअकरा झाले बरं का! आणि हा शर्ट कुणाचा आहे, याला बटणंच नाहीत!"

"तुम्ही तुमच्या इस्त्रीकडे बघा!" दोघी एकदम म्हणाल्या.

थोरली टेप घेऊन कपडे घालून बघायच्या पडद्यामागे गेली. "जरा हुक लावून येते," म्हणाली. तिच्या मनात आलं होतं की त्या दिवशी एखादे वेळी आपण खरंच बोललो असू. माणूस कधीतरी खरं बोलतं. स्वतःचं माप स्वतः घेणं अवघड असतं. वाकून बघावं तर पोट पुढे येतं, ताठ उभं राहावं तर आकडा दिसत नाही. तिने श्वास आत ओढला, टेप आवळली, डोळे बारीक करून पाहिलं, आणि श्वास सोडल्यावर टेप हातातून सुटली. आवळून, श्वास ओढूनसुद्धा छत्तीस.

बाहेर येऊन तिने निमूटपणे छत्तीस टाकलं. लाल अक्षरं आली. खरं बोलूनही उपयोग झाला नाही, याचं तिला क्षणभर समाधानच वाटलं. मग खालची ओळ दिसली. शेवटचा प्रयत्न. यानंतर पान चोवीस तास बंद राहील.

धाकटी खुर्चीतून उठली. तिने संगणकाचं बाजूला ठेवलेलं कापडी आवरण उचललं आणि त्याच्यावर घालायला लागली. "राहू द्या, ताई," ती म्हणाली. ना 'जाऊबाई', ना टोमणा. "नशिबात नव्हतं. मी कारखान्यात हो कळवून टाकते."

तो मवाळ आवाज थोरलीला भांडणापेक्षा जड गेला. तिने आवरण धाकटीच्या हातातून ओढून घेतलं. "थांब. दार लाव."

"कशाला?"

"लाव म्हणते ना! काकांना ऐकू जाईल."

"दार लावलं तर मी शर्ट कुणाला देऊ?" काका बाहेरून म्हणाले.

"कुणालाच देऊ नका! चहा पिऊन या!"

काका कुरकुरत गेले. दार लागलं. थोरली कापायच्या टेबलाला टेकून उभी राहिली आणि खडूचा तुकडा हातात फिरवत म्हणाली, "माझा अर्धा म्हणजे माझं माप आहे. हसलीस तर याद राख."

धाकटी हसली नाही. निदान तोंडाने नाही. "मग अडलंय कुठे? माप तर तुम्हाला ठाऊक आहे."

"कंबर अडलीये."

"म्हणजे?"

"म्हणजे खरी नव्हती घातली गं! जरा कमी घातली होती. किती कमी, ते आठवत नाही. झालं समाधान?"

धाकटी खाली बसली. तिने पदर नाही, टेपच तोंडावर धरली, पण खांदे हलत होते. "ताई, संगणकाला? अहो, तो काय तुम्हाला बघायला येणार होता?"

"मी म्हटलं ना, हसू नकोस!"

"नाही हसत. नाही. बघा, नाही हसत." तिने डोळे पुसले. "बरं, मला सांगा, पान आपण कधी काढलं? कोटाचं भांडण झालं त्या हिवाळ्यात ना?"

"हो."

"त्या हिवाळ्यात तुम्ही राखाडी ड्रेस शिवून घेतला होता माझ्याकडून. दोन खिशांचा."

"मग?"

"मग त्याचं माप तुम्ही मला तोंडी सांगितलं होतं. दरवेळी तोंडीच सांगता. टेप कधी लावू दिलीये तुम्ही?" धाकटी बोटांवर मोजत म्हणाली. "आणि तुमची एक गंमत आहे. ज्या वर्षी जरा अंग धरलेलं असतं, त्या वर्षी तुम्ही जास्तच बारीक माप सांगता. त्या हिवाळ्यात तुम्ही अठ्ठावीस सांगितलं होतंत."

"अठ्ठावीस!" थोरलीच्या हातातला खडू पडला. "काहीतरीच काय? अठ्ठावीस मी कशाला सांगेन? लग्नातसुद्धा नव्हती माझी अठ्ठावीस!"

"मला चांगलं आठवतंय. मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं होतं."

"भाऊजींना सांगितलंस?"

"मग हसायचं कुणाबरोबर?"

थोरलीला राग यायला हवा होता, आणि तो येतच होता, पण मधेच तिला दुसरं काहीतरी सुचलं. "थांब. मी अठ्ठावीस सांगितलं, तर तो ड्रेस मला बसला कसा? अंगाला अगदी बेतशीर बसला होता. मी तर म्हटलं होतं, बघ, मी सांगते ते माप कसं बरोबर निघतं."

"हो, म्हटलं होतंत," धाकटी म्हणाली. "दरवेळी म्हणता."

"मग?"

"मग काय? कान ऐकायला असतात, डोळे बघायला. तुम्ही सांगायचं ते सांगता, मी बघून कापते. वर शिवणीच्या आत दोन बोटं कापड माया म्हणून सोडून ठेवते. पुढच्या वर्षी लागते."

थोरलीने पडलेला खडू उचलला. तिच्या कपाटात धाकटीने शिवलेले नऊ-दहा ड्रेस होते. एकही कधी काचला नव्हता. आरशासमोर उभं राहून तिने प्रत्येक वेळी स्वतःचं कौतुक केलं होतं, आणि ही बया शेजारी टाचण्या तोंडात धरून नुसती मान हलवत होती. एका शब्दाने कधी बोलली नव्हती. भांडणाच्या भरातसुद्धा नाही, आणि भांडणं काय थोडी झाली होती?

"टाक," थोरली म्हणाली.

"तुम्हीच टाका. तुमचा अर्धा आहे."

"टाक म्हणते ना. छाती अडतीस, सीट चाळीस. मधे तुझं ते अठ्ठावीस."

"माझं कुठलं? तुमचं आहे ते."

धाकटीने सहा आकडे दाबले. मग आपला अर्धा भाग टाकायच्या आधी तिने मान वळवून थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. खटखट झालं. मग शेवटचं बटण दाबल्याचा आवाज आला.

"फिरा, ताई."

पान उघडलं होतं. वर दुकानाची पाटी, खाली त्या कोटाचा फोटो आणि बाजूला गाण्याच्या गटाचा निरोप, तसाच्या तसा. थोरली मटकन स्टुलावर बसली. "अख्ख्या जगात माझी अठ्ठावीस मानली ती या एका यंत्राने," ती म्हणाली, आणि मग मात्र दोघींना हसू आवरेना. हसता हसता थोरलीला ठसका लागला आणि धाकटीने तिच्या पाठीवर धपाटे घातले, जरा गरजेपेक्षा जोरातच.

"आता तुझा अर्धा सांग," श्वास आल्यावर थोरली म्हणाली. "माझं सगळं उघडं पडलं."

"माझं कुठे विसरलंय? विसरलं की सांगेन."

"लबाड कुठली!"

धाकटीने होकार लिहिला. कापडाचा प्रकार, लागणारे दिवस, सगळं रीतसर. 'मापं घ्यायला आम्ही दोघी येऊ,' असं खाली लिहिलं आणि पाठवून दिलं. थोरलीने ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. तिला कारखान्याचं विचारायचं होतं, पण तिने विचारलं, "दोरा कुठल्या रंगाचा लागेल?" धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मी काही जात नाही, ताई. चाळीस ड्रेस तुमच्या एकटीवर टाकून गेले, तर तुम्ही पुन्हा मान मोडून घ्याल आणि तेल मलाच चोळावं लागेल."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुम्ही काही म्हणत नाही, म्हणून तर बोलले."

काका दार ठोठावत होते. त्यांना आत घेतलं, तोवर पडद्यावर टिंग वाजलं. गटाच्या प्रमुखबाईंचं उत्तर आलं होतं. त्या खूश होत्या. रविवारी सकाळी या म्हणत होत्या. मग एक ओळ सोडून त्यांनी लिहिलं होतं: 'एक अडचण आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणी अंगाला टेप लावू देत नाहीत. आपलं माप तोंडीच सांगतील म्हणतात. अशा मापावर ड्रेस नीट बसतील का?'

धाकटी खुर्चीतून उठली आणि बाजूला झाली. थोरली बसली. तिने चष्मा नाकावर सरकवला, एकेक अक्षर शोधत, बोटाने दाबत उत्तर लिहिलं, आणि पाठवायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवलं.

"'निर्धास्त असा. त्या सांगतील ते ऐकून घेऊ. बसेल असं शिवणारी आमच्याकडे आहे.'"

"कोण आहे हो?" काकांनी विचारलं.

"तुम्ही तो शर्ट बघा आधी," थोरली म्हणाली. "खरंच बटणं नाहीत त्याला."