नफ्ताली शिंप्याचं दार

१९९८ सालचा उन्हाळा. गाइड यादविगानं छत्री उंच धरून आपल्या पर्यटकांना एका बंद दारापुढे थांबवलं. पोलंडमधल्या क्राकूव्ह शहराच्या जुन्या ज्यू वस्तीतलं हे तिचं आवडतं दार. वर अजून पुसट अक्षरं दिसत होती : ‘नफ्ताली, शिंपी’.

तिनं नेहमीची हकीकत सांगितली. नफ्ताली दिवसभर मोठ्यांचे कोट शिवायचा आणि उरलेल्या कापडातून गरिबांच्या मुलांना फुकट कपडे करायचा. गल्लीत त्याच्यासारखा देवमाणूस दुसरा नव्हता. शिंप्याचं नाव तेवढं पाटीवरचं होतं. बाकी सगळं सहा वर्षांत तिनंच हळूहळू जोडलं होतं. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले, फोटो निघाले, माणसं चौकाकडे पांगली.

मागे एक म्हातारी राहिली. सत्तरीची, इस्राएलमधल्या हायफाहून एकटीच आलेली. नाव पेर्ला. तिची पोलिश भाषा जुन्या वळणाची होती.

“सुईत दोरा ओवायलासुद्धा बाबा आईला हाक मारायचे,” ती म्हणाली.

यादविगाला क्षणभर काही कळलं नाही. मग ही नफ्तालीचीच मुलगी, हे उमगून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“शिवायची आई. गितला. बाबा कोपऱ्यावर डॉमिनो खेळत बसायचे आणि हरले की घरी येऊन आमच्यावर डाफरायचे. पाटी मात्र त्यांच्या नावाची.”

यादविगानं छत्री खाली घेतली. तिनं माफी मागितली. उद्यापासून हे घर वगळीन, असं ती म्हणाली.

“वगळू नकोस गं पोरी. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांचं नाव घेतंय. पण तू सांगतेस तो माणूस मला ओळखूच येईना. देवमाणसासाठी मला रडू कसं येणार? माझे बाबा आळशी होते, तापट होते, शुक्रवारी रात्री जेवणाआधी प्रार्थना गायचे तेव्हा बेसूर व्हायचे आणि आई टेबलाखालून त्यांना लाथ मारायची. तेच हवेत मला.”

दोघी समोरच्या बाकावर बसल्या. यादविगा विचारत गेली, पेर्लाबाई सांगत गेल्या. बाबांनी एकदा हट्टानं कोट शिवला, त्याची एक बाही चार बोटं लांब झाली. आईनं गिऱ्हाइकालाच पटवलं की दोष त्याच्या हातात आहे. सांगताना बाईंना हसू आवरेना. शेवटचं मात्र, नाझींनी आईबाबांना छळछावणीच्या गाडीत घातलं ते, त्यांनी पत्ता सांगावा तसं कोरडेपणानं सांगितलं आणि बाकावरून उठल्या. जाताना त्यांनी दाराला हात लावला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्दान्स्क शहरातून पर्यटकांचा एक गट आला. यादविगानं त्यांना त्याच दारापुढे थांबवलं. आवाज जरा अडखळत होता. इथे गितला राहायची, ती म्हणाली. तिच्या हातचे कोट लांबून ओळखू यायचे. आणि तिचा नवरा नफ्ताली. मग डॉमिनो आला, बेसूर गाणं आलं, टेबलाखालची लाथ आली. लांब बाहीपाशी सगळे खळखळून हसले. एका बाईनं शेजारी उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

“आमच्या घरीही असाच एक आहे,” ती म्हणाली. ओठांवर अजून हसू होतं. “मग? पुढे काय झालं हो त्या दोघांचं?”

यादविगानं सांगितलं.

बराच वेळ कुणी पुढे निघालं नाही.