रुहीच्या डोक्यावरचं पाणी

प्रश्न: या मुलीचं नाव काय ठेवलंत?

बाप्तिस्म्यातला हा पहिला प्रश्न, आणि याचं उत्तर सोपं होतं. रुही. जोएलच्या आईने, रेमेडिओसने, पुढे क्लारा जोडलं होतं आणि त्याच्या बायकोने, हर्षिताने, हरकत घेतली नव्हती. हरकत कशाला घ्यायची हे तिने आधीच ठरवलं होतं. पांढऱ्या झबल्याला नाही, मेणबत्तीला नाही, पाण्याला तर नाहीच. फक्त देवावर विश्वास आहे का असं विचारलं, तर आपण तोंडाने खोटं बोलायचं नाही.

जर्सी सिटीतलं हे चर्च निम्मं फिलिपिनो कुटुंबांचं. रेमेडिओस फिलिपीन्सहून इकडे आली तेव्हा जोएल शाळकरी पोर होता. आमच्या देशात देव न मानणारे नसतात असं नाही, तो म्हणायचा, पण ते मनातल्या मनात मानत नाहीत आणि रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आईबरोबर जातात. इथे येऊनही त्याने तेच चालू ठेवलं होतं.

"दोनच शब्द आहेत, यार." हे 'यार' तो हर्षिताकडूनच शिकला होता. "आय डू. लग्नात म्हणालीस की."

"ते खरं होतं."

"हे कोणी खरं-खोटं करून म्हणत नाही."

"आमच्याकडे करतात."

प्रश्न (चर्चचा नाही, जोएलचा): तुमच्याकडे म्हणजे कुठे?

म्हणजे नागपुरात. छप्पन साली हर्षिताच्या आजोबांनी अफाट गर्दीत उभं राहून एकेक प्रतिज्ञा मोठ्याने म्हटली. हा देव मानणार नाही, तो मानणार नाही, खोटं बोलणार नाही. घरी आले, देवांचे टाक फडक्यात बांधले आणि कन्हान नदीत सोडून आले. तेव्हापासून त्या घरात चारचौघांत उच्चारलेलं वाक्य नुसतं वाक्य राहिलं नाही. त्या वाक्यांच्या जोरावर तर माणसं मान वर करून चालायला लागली होती.

म्हणून हर्षिता आधीच फादरना भेटली आणि सगळं सांगून टाकलं. फादरनी चष्मा पुसला. मग म्हणाले, तुम्ही गप्प राहा. एका पालकाने म्हटलं तरी चालतं.

म्हणजे जोएलने.

प्रश्न: सैतानाला नाकारता का?

"आय डू," जोएल म्हणाला. रुहीची गॉडमदर, म्हणजे धर्ममाता, झालेली त्याची चुलत बहीणही म्हणाली. हर्षिता रुहीला घेऊन गप्प उभी राहिली. मागच्या बाकावर तिचे वडील, शंकरराव, हाताची घडी घालून बसले होते. नातीसाठी ते नागपूरहून आले होते, चर्चसाठी नाही, आणि हे त्यांनी विमानतळावरच सांगून ठेवलं होतं.

प्रश्न: आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवावर तुमचा विश्वास आहे का?

चुलत बहिणीचा आवाज आला.

एकटाच आला.

जोएल हर्षिताकडे बघत होता. रविवारसारखं सगळं चर्च एकदम बोलत असतं तर त्यात त्याचा आवाज मिसळून गेला असता, इतकी वर्षं गेला तसा. आता तो मिसळायला जागाच नव्हती. फादर थांबले. हर्षिताला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, याने खोटं बोलावं. बोल ना, तिच्या मनात आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"आय डू."

पहिल्या बाकावरून रेमेडिओस उठली होती. गुडघे धरत पुढे आली, मुलाच्या शेजारी उभी राहिली आणि उरलेल्या प्रश्नांचीही उत्तरं तिनेच दिली. मुलाकडे पाहिलं नाही.

प्रश्न: या मुलीचा बाप्तिस्मा व्हावा, ही तुमची इच्छा आहे का?

या वेळी रेमेडिओस गप्प राहिली. हे उत्तर आईबापांचं होतं.

हर्षिताने तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. इथे विश्वास विचारला नव्हता, इच्छा विचारली होती.

"हो," ती मराठीतच म्हणाली. फादरना कळलं. रुहीच्या डोक्यावर पाणी पडलं आणि ती किंचाळली.

खालच्या हॉलमध्ये रेमेडिओसने नूडल्सचे ट्रे उघडले. सगळ्यांना वाढत होती, स्वतःची प्लेट घेतली नव्हती.

"बाबा, माझं चुकलं का?"

शंकररावांनी प्लेट खाली ठेवली. "आजोबांनी टाक नदीत सोडले ना, त्या रात्री माझी आजी, म्हणजे त्यांची आई, जेवली नाही. आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा तिला गाळतो."

"मग तिने काय केलं?"

"काय करणार. स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं." ते रेमेडिओसकडे बघत होते. "अशीच."

"पण आजोबांचं चुकलं नव्हतं."

"नाही. पण ती उपाशी होती."

हर्षिताने एक प्लेट भरली आणि जोएलच्या हातात दिली. तो आईपाशी गेला.

"मॉम, खाऊन घे."

"कधीपासून?" तिने विचारलं. ती खाण्याबद्दल विचारत नव्हती.

"हायस्कूलपासून."

"मग दर रविवारी यायचास कशाला?"

"तू एकटी गेली असतीस."

रेमेडिओसने प्लेट घेतली. काट्याला नूडल्स गुंडाळल्या.

"पुढच्या रविवारी ये," ती म्हणाली. "उत्तरं देऊ नकोस. शेजारी बस."