तुरटी न लागलेलं पान

मी एक गोधडी बोलतेय. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं माणसं म्हणतात. मला पाहून मात्र कुणी पाय पसरायचे नाहीत, अशी सक्त ताकीद होती. माझा जन्म भिंतीवर टांगण्यासाठी झाला होता. निदान थोरलीचं तसं म्हणणं होतं.

मला दोघी बहिणींनी मिळून केलं. थोरली कापडछपाईच्या कारखान्यात रंग कालवायची, त्यामुळे तिची नखं कायम निळी. धाकटी घरी शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या ओठांत सदा टाचण्या धरलेल्या, म्हणून ती कमी बोलायची आणि थोरली दोघींच्या वाटचं बोलून घ्यायची.

त्यांच्या लहानपणीच्या घरामागे एक ओढा होता आणि ओढ्यावर वाकलेलं एक झाड. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील त्याला नुसतं 'आपलं झाड' म्हणत. वडील गेले, मग रस्ता रुंद झाला, ओढा फरशीखाली गेला आणि झाड पाडलं. धाकटी धावत गेली तोवर फांद्या तुडवून झाल्या होत्या. एकच मोठं पान धड मिळालं, तेही ट्रकच्या चाकाजवळ. ते तिने शिवणाच्या जाड पुस्तकात दाबून थोरलीकडे आणलं आणि म्हणाली, "ताई, याचं काहीतरी कर."

ते काहीतरी म्हणजे मी.

काय दिवस होते ते! सुट्टीच्या दिवशी थोरलीच्या स्वयंपाकघरात स्वयंपाक सोडून सगळं शिजायचं. कांद्याच्या सालींच्या पाण्यातून काठाची पिवळी माती निघाली. कापडाला गाठी मारून निळीत बुडवलं, तर ओढ्याच्या लाटा आल्या. गवतासाठी थोरलीने लाकडी ठसे स्वतः कोरले. रस्त्याकडेच्या झुडपांची पानं कापडावर मांडायची, कापड काठीला घट्ट गुंडाळून सुतळीने आवळायचं आणि वाफवायचं. गुंडाळी सोडताना दोघी श्वास रोखून धरायच्या. पान नीट उमटलं की थोरली गाणं म्हणायची, आणि तिचा आवाज ऐकून शेजारचा माणूस खिडकी लावून घ्यायचा.

पण रंग टिकायचा तर कापडाला आधी तुरटीचं पाणी पाजावं लागतं. सगळे तुकडे पाजले. मधला, 'आपल्या झाडाच्या' पानासाठी राखलेला तुकडा मोठा होता, घमेल्यात मावेना. तो खुर्चीवर राहिला. थोरलीला वाटलं, धाकटी उद्या बादलीत बुडवेल. धाकटीने दुसऱ्या दिवशी तो कोरडा, घडी घातलेला पाहिला. तिला वाटलं, ताईने बुडवून वाळवलासुद्धा. तुरटी लागलेलं आणि न लागलेलं कापड वाळल्यावर सारखंच दिसतं. दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ना, तशी माझ्या मधल्या तुकड्याची गत झाली. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडले असते.

पान उमटलं मात्र झकास. धाकटीने त्याच्या एकेका शिरेवरून पांढऱ्या दोऱ्याने बारीक धावदोरा घातला. आत जुनं ब्लँकेट आणि पाठीला वडिलांचे शर्ट. एका शर्टाचा खिसा तिने तसाच ठेवला. हिवाळ्यात मी धाकटीकडे आणि उन्हाळ्यात थोरलीकडे राहायचं ठरलं. दोन्हीकडच्या भिंती मला आवडायच्या. येणारा-जाणारा थबकायचा, मी मनातल्या मनात फुगायचे.

मग एका हिवाळ्यात धाकटीच्या लेकीला ताप भरला. पोर थडथड उडत होती. घरातली पांघरुणं पुरेनात, तेव्हा धाकटीने मला खिळ्यावरून काढलं आणि तिच्या अंगावर घातलं. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. तोवर मला कुणी असं कवटाळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्यावर औषध सांडलं, म्हणून धाकटीने मला कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतलं. मधलं पान पाण्याबरोबर वाहून गेलं.

उन्हाळ्यात थोरलीने घडी उलगडली आणि तिचा चेहराच उतरला. "गोधडी दिली होती की पायपुसणं?" ती म्हणाली. "आपल्या झाडाचं तेवढंच उरलं होतं."

"पोर कुडकुडत होती ताई. मी काय भिंत बघत बसू?"

झालं. बोलणं बंद. माझी रवानगी थोरलीच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या संगतीला. समारंभात भेटल्या तरी दोघी लेकीमार्फत बोलायच्या, 'तुझ्या मावशीला सांग', 'तुझ्या आईला विचार'. ती पोर बिचारी टपाल वाहून दमली. बाकीची पानं जागच्या जागी असताना एवढं एकच का गेलं, हे मात्र दोघींपैकी कुणी विचारलं नाही. रागात माणसं हिशेबाची गोष्ट विसरतात. अंधारात पडल्या पडल्या मला ते स्वयंपाकघर आठवायचं, कांद्याच्या सालींचा वास आठवायचा, आणि रडू यायचं. गोधडीचं रडणं कुणाला कळणार?

वर्षं गेली. थोरलीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीपासूनच अधू. हे कळताच धाकटी न बोलावता पिशवी घेऊन आली आणि न विचारता चूल ताब्यात घेतली. थोरलीने तिला जा म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही.

दुपारी थोरलीला थंडी वाजली. धाकटीने कपाट उघडलं, हाताला मी लागले. क्षणभर घुटमळली, मग मला थोरलीच्या अंगावर घालून तिच्या पायाशी बसली.

थोरलीचा हात माझ्यावर फिरू लागला. बोटं मधल्या तुकड्यावर आली आणि थांबली. धावदोऱ्याच्या एका शिरेवरून दुसऱ्या शिरेवर, देठापासून टोकापर्यंत गेली, परत आली.

"छोटे," ती म्हणाली, "हे आहे की गं इथं."

धाकटी जवळ सरकून माझ्यावर वाकली.

"बाकीची पानं दिसतात का बघ."

"सगळी दिसतात. रंगसुद्धा तसाच आहे."

थोरलीची बोटं तिथेच राहिली. शेवटी ती रंगाऱ्याचीच बोटं. "मग याला तुरटीच लागली नव्हती," ती हळूच म्हणाली. "तू बुडवलं होतंस ना?"

"मला वाटलं, तू."

थोरली हसायला लागली. डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका म्हणून बजावलं होतं, तरी हसत राहिली, आणि हसता हसता धाकटीचा हात चाचपडत शोधू लागली. सापडल्यावर तो तिने त्या शिरांवर नेऊन ठेवला.

आता मी थोरलीच्या पलंगावर असते. काठ विरलेत, निळा रंग राखाडी झालाय, वडिलांच्या खिशात चष्मा राहतो. धाकटी येते तेव्हा दोघी माझ्यावर पाय पसरून बसतात आणि एकमेकींच्या खोड्या काढत बोलतात. मला भिंतीची आठवण येत नाही असं नाही. तरी माझं एक मागणं आहे. माझ्यातलं मधलं पान गेलं, असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर घटकाभर डोळे मिटा आणि माझ्यावरून हात फिरवा.